बाईंची किंकाळी

राजाजीनगरमध्ये स्टीलच्या भांड्यांचं एक दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावरून अधूनमधून एका बाईची जीव गेल्यासारखी किंकाळी ऐकू यायची. ती ऐकून कोणी धावत वर जात नसे. दुकानदार गल्ल्यावरून उठायचा, हाताला लागेल ते मोठं ताट घ्यायचा आणि पळीने दणादण वाजवायचा. नवीन गिऱ्हाईक दचकून विचारायचं, काय झालं? तो शांतपणे सांगायचा की वर कोणाचा तरी हात बरा झाला.

किंचाळणाऱ्या त्या आमच्या बाई. बाई हाताच्या फिजिओ होत्या, आणि फक्त हाताच्या. कोणी गुडघा घेऊन जिना चढून आला तर त्याला त्या दारातूनच परत पाठवायच्या. "एवढा जिना चढलास म्हणजे तुझा पाय बरा आहे," असं वर ऐकवायच्या.

बाईंकडे बरं झाल्याचा दाखला वगैरे मिळत नसे. उपचार संपत आले की एक दिवस बाई आपला उजवा हात तुमच्या दुखऱ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दाब." तुम्ही सगळी ताकद लावून दाबायचं. बाईंना खरोखर दुखलं तर त्या छत उडेल अशा किंचाळायच्या, आणि तुम्ही सुटलात. नाही दुखलं तर त्या हात काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "इन्नू स्वल्प." म्हणजे कन्नडमध्ये, आणखी थोडं. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं.

एरवी बाई कोणाशीही हात मिळवायच्या नाहीत. मोठमोठे सर्जनसुद्धा हात पुढे करून अवघडायचे, कारण समोरून नमस्कार यायचा. "हात मिळवणं हे माझं शेवटचं माप आहे. ते असं हळदीकुंकवासारखं वाटत फिरायचं नाही," हे त्यांचं म्हणणं.

भिडेखातर किंकाळी मिळायची नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. एक निवृत्त पोलीस अधिकारी होते. माणूस भरदार, मिशा त्याहून भरदार. त्यांचा त्या दिवशी निकाल होता. बाहेर बाकावर आम्ही चार-पाच जण आपापले जायबंदी हात मांडीवर घेऊन कान लावून बसलो होतो. आतून साहेबांचं हुंकारणं ऐकू आलं, मग खुर्ची करकरली, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळाने बाईंचा आवाज आला, अगदी चहाला विचारावं तसा. "इन्नू स्वल्प, सर." साहेब लालबुंद होऊन बाहेर आले आणि आमच्याकडे न बघता जिना उतरले. पुढच्या महिन्यात त्यांना किंकाळी मिळाली तेव्हा त्यांनी खालच्या दुकानात म्हैसूरपाक वाटला आणि ताट स्वतः वाजवलं.

मला वाटायचं, बाई नाटक करत असतील. पण नाही. किंकाळीनंतर त्या आपला हात दिव्याखाली धरून दाखवायच्या. दाबणाऱ्याच्या चारही बोटांचे लालसर वळ त्यावर उठलेले असायचे. चार वळ असले तरच किंकाळी खरी.

मी मूळची नागपूरची. बंगळूरला आले ती इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून. नवरा माझ्यामागून आला आणि हेब्बाळच्या एका कंपनीत लागला. माझं काम लोकांना सांगितलं की ते थोडे निराश होतात. अवकाशात जाणाऱ्या यंत्रांमधल्या तारांच्या जुड्या मी बांधते. मेण लावलेला चपटा धागा घ्यायचा आणि ठरावीक अंतरावर गाठी मारत जायचं. ना सैल, ना तार दबेल इतकी घट्ट. आपण गजरा बांधतो त्याचीच ही सरकारी आवृत्ती. पण माझा या कामावर फार जीव. मी मारलेली गाठ वर जाते आणि मग ती कोणीही कधीही सोडत नाही, या विचाराने मला अजूनही उगाच ऐट येते.

त्या हाताचा घात केला एका काचेच्या ग्लासने. घासणी आत घालून पिळत होते आणि ग्लास हातातच फुटला. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी काच शिरली आणि बोट वाकवणारी दोरी, डॉक्टर जिला कंडरा म्हणतात, ती तुटली. सर्जनने ती शिवली. नागपूरहून आईचा फोन आला. "स्टीलचे गिलास होते ना घरात? काचेचे कशाले पाह्यजे होते तुले?"

आमच्या कामाची दर काही वर्षांनी परीक्षा असते. समोर तपासनीस बसतो, तुम्ही जुडी बांधता आणि तो भिंगातून गाठी बघतो. माझी परीक्षा दिवाळीनंतर होती. पास झाले तर माझं बाक मला परत, नाही तर कागदपत्रांच्या टेबलावर कायमची बदली. नवरा म्हणाला, "अगं, डेस्क जॉब इज बेटर ना? सेफ आहे, स्ट्रेस नाही." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अशा मनःस्थितीत, हाताला प्लास्टिकची पट्टी बांधलेली, मी तो जिना चढले. बाई साठीच्या पुढच्या असाव्यात. ठेंगण्या, इरकली साडी घोट्याच्या वर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि केसांत फुलांची एक वेडीवाकडी माळ. माळेत दोन फुलं इथे, मग मोकळा धागा, मग सात फुलं एकाच जागी. माझी नजर तिथेच अडकली, कारण गाठींमधलं अंतर चुकलेलं मला बघवत नाही.

"माझ्या डोक्याकडे काय बघतेस? हात दे," बाई म्हणाल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दवाखान्यात दोन्हीची खिचडी.

मी नाव सांगू लागले तर म्हणाल्या, "नाव बेडा. नाव मी विसरते." नाव नको म्हणजे नकोच. पेशंट त्यांच्या लेखी बोटांनी ओळखले जायचे. पोलीस साहेब म्हणजे 'डावी तर्जनी'. एक शिंपी होता, तो 'दोन्ही अंगठे'. मी 'अनामिका' झाले. बाईंची मंजुळाक्का, जी दार उघडण्यापासून कॉफी करण्यापर्यंत सगळं बघायची, तिला शेवटपर्यंत ते माझं खरंच नाव वाटत होतं.

चेहरे तर बाईंच्या लक्षातच राहायचे नाहीत. एकदा मी बाजारात हेल्मेटसकट शेंगा निवडत होते. मागून आवाज आला, "अनामिकेला पेन्शन दिलीस का गं?" वळून बघते तर बाई. मी दोन बोटांनी आणि अंगठ्याने शेंगा उचलत होते, अनामिका बाजूला उभी होती. तेवढ्यावरून ओळखलं. एका लग्नात म्हणे त्यांनी नवरदेवाला अक्षता टाकल्या आणि आशीर्वादाऐवजी सांगितलं, "फोन स्वल्प कमी कर, अंगठा गेलाय." नवरदेव पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर हजर होता.

बाईंची मापं मोठी गमतीची. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पितळी कोनमापक होतं, पकड मोजायचं दांडीचं यंत्र होतं, चिमूट मोजायचं वेगळं होतं. प्रत्येक सांधा किती वाकतो ते त्या मोजायच्या आणि फाइलमध्ये व्यवस्थित अंशांत लिहायच्या. पण पेशंटला अंश सांगायच्या नाहीत. "आकडा सांगितला की माणूस शेजारच्या बाकावरच्याला विचारतो, तुझा किती? मग रडत बसतो," म्हणायच्या. त्याऐवजी त्या धान्य सांगायच्या. माझ्या मनगटाच्या वर दोन बोटं टेकवून त्या मला बोट वाकवायला लावायच्या आणि आतली दोरी किती सरकली ते सांगायच्या. आधी तीळ, मग तांदूळ, मग तूरडाळ, मग अवरेकाळू. अवरेकाळू म्हणजे आपला पावटा. बंगळूरचे लोक थंडीत त्याच्यावर तुटून पडतात. "पावटा सरकला की मुठीचं बोलू," त्या म्हणायच्या.

पहिल्या दिवशी माझा तीळसुद्धा नव्हता. आठवड्याभराने बाई म्हणाल्या, "तीळ." मी घरी जाऊन डब्यातला एक तीळ तळहातावर घेऊन बघितला. एवढ्याशा गोष्टीसाठी डोळ्यांत पाणी येतं हे मला माहीत नव्हतं.

आता माझा स्वभाव. आम्ही कामसू घरातले. डॉक्टरने दहा वेळा सांगितलं तर आम्ही वीस वेळा करणार आणि वर त्याची फुशारकी मारणार. बाईंना असल्या पेशंटचा धसका होता. "आळशाची दोरी चिकटते, उतावळ्याची तुटते. तू दुसऱ्या रांगेतली," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं. नुकती शिवलेली दोरी म्हणजे ओला धागा, असं त्या म्हणायच्या. अजिबात हलवली नाही तर ती जखमेच्या कडांना चिकटून बसते, आणि ओढली तर शिवणीतून सुटते. धागा, गाठ, बादली, पोळपाट, सगळ्याला मनाई. मी मान डोलवायचे.

काही आठवड्यांनी पट्टी सुटली आणि मला एक युक्ती सापडली. मनगट मागे वाकवलं की बोटं आपोआप मिटतात! आरशासमोर मी दहादा करून बघितलं. बोटं छान आत येत होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या दिमाखात बाईंसमोर हात धरला आणि मिटवला.

बाईंनी फक्त एक बोट माझ्या मनगटाखाली लावलं आणि ते सरळ केलं. माझी अनामिका टपकन उघडली.

"तोंड खोटं बोलतं," बाई म्हणाल्या, "पण मनगट त्याच्याहून खोटं बोलतं. मंजुळाक्का, अनामिकेला कॉफी दे. ती आज मला फसवायला आली होती."

सगळा बाक हसला. मीही हसले, पण जिना उतरताना एक गोष्ट लख्ख कळली. माझं बोट स्वतःच्या जोरावर काहीच करत नव्हतं. त्यातून आणखी एक पीडा होती. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी या तिघींच्या दोऱ्या हातातल्या एकाच स्नायूला जोडलेल्या असतात. एक अडली की बाकीच्या दोघींनाही पुरतं मिटता येत नाही. "सख्ख्या बहिणी आहेत त्या. एक रुसली की तिघी जेवत नाहीत," बाई म्हणायच्या. माझी अख्खी मूठ एका बोटापायी अडली होती.

पुढे धान्य तुरीवर येऊन थांबलं. एक आठवडा तूर, दुसरा आठवडा तूर, तिसऱ्या आठवड्यातही तूरच. मी आणखी जोर लावू लागले. सर्जनने तपासलं आणि मान हलवली. ते भले गृहस्थ होते आणि स्पष्ट बोलायचे. "देखिए, चिपक गया है. दोबारा खोलना पड़ेगा." म्हणजे दुसरं ऑपरेशन. दोरी सोडवायची, ती सोडवताना तुटायचीही भीती, आणि मग सगळे उपचार पहिल्यापासून. परीक्षा हातची गेल्यातच जमा होती.

मी दवाखान्यात येऊन बाईंसमोर ढसाढसा रडले. बाईंनी मला रडू दिलं. रडत असताना त्या माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे बघत होत्या. माझ्या मुठीत रुमाल होता.

"चिकटलीय," त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "पण पुरती नाही. उद्या हॉस्पिटलात मी येते. येताना तुझा तो धागा आण. आणि चार फालतू तारा."

"पण तुम्हीच तर धागा बेडा म्हणालात."

"तेव्हा बेडा. आता बेकु." आता हवा होता.

दुसऱ्या दिवशी स्पोर्ट्स शूज आणि वाकडी माळ घालून बाई हॉस्पिटलात हजर झाल्या. सर्जनला नमस्कार केला आणि सोनोग्राफीच्या खोलीत मला बसवून माझ्या मनगटाच्या वर स्वतःच यंत्राची दांडी टेकवली. पडद्यावर करड्या धुक्यात एक पांढरट पट्टा दिसला. ती माझी दोरी. इतके महिने मी जिच्यासाठी झुरत होते ती मला पहिल्यांदा दिसली.

"वाकव," बाई म्हणाल्या. मी दात-ओठ खाऊन जोर लावला. पट्टा किंचित थरथरला आणि थांबला. सर्जन म्हणाले, "वही तो."

बाईंनी माझ्या हाताची मागची बाजू चाचपली. मग सर्जनचं बोट धरून तिथे टेकवलं. "दगड झालाय बघा. ही मुलगी इतका जोर लावते की वाकवणारे आणि उघडणारे दोन्ही स्नायू एकदम ओढते. दोरी जाणार कुठे?" मग माझ्याकडे वळल्या. "तो धागा काढ. गाठ मार. घट्ट नको, नुसती बसव."

मी तारा जुळवल्या. धाग्याचं टोक नेहमीप्रमाणे अनामिका आणि करंगळीत धरायला गेले. हाताला सवय होती, मला विचारलंच नाही त्याने. पहिली गाठ बावळट आली. अंतर चुकलं म्हणून मला राग आला. दुसरी बरी आली. तिसरी मारताना मी खोली विसरले, सर्जन विसरले, बोटसुद्धा विसरले. ही गाठ आधीच्या गाठीच्या ओळीत बसली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

"अवरे!" बाई एकदम ओरडल्या.

"क्या?" सर्जन दचकले.

"अवरेकाळू, डॉक्टर! बघा, बघा ना!"

मी मान वर केली. पडद्यावर पांढरा पट्टा सरकत होता. माझी बोटं गाठ ओढत होती आणि तो धुक्यातून पुढे जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. सर्जनने चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले. "वन मोअर टाइम," म्हणाले. मी आणखी एक गाठ मारली. पट्टा पुन्हा सरकला. सर्जन चष्मा पुन्हा नाकावर ओढून हसले. "ठीक है. दिवाली तक रुकते हैं."

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी बाईंना मिठी मारली. त्यांनी ती मारू दिली, फक्त माझा उजवा हात हळूच बाजूला धरून ठेवला. "निधाना, निधाना. हळू गं. अजून ओला धागा आहे तो."

त्या दिवसापासून माझे व्यायाम जवळजवळ बंद आणि बांधकाम सुरू. कोथिंबिरीच्या जुड्या, जुनी वर्तमानपत्रं, चादरींच्या घड्या, मी दिसेल ते बांधायला लागले. नवरा म्हणायचा, "मी एका जागी बसलो तर मलाही बांधशील." आणि रोज सकाळी मंजुळाक्काशेजारी बसून मी मल्लिगेची माळ गुंफायचे, म्हणजे मोगऱ्याची. तेव्हा मला बाईंच्या केसांतल्या वेड्यावाकड्या माळेचा उलगडा झाला. ती माळ रोज कोणत्या ना कोणत्या पेशंटने बांधलेली असायची. शिंप्याने, पोलीस साहेबांनीसुद्धा. जशी येईल तशी, बाई ती दिवसभर केसांत मिरवायच्या. माझी पहिली माळ तर त्यांच्या मानेवरून ओघळत होती. त्या तशाच बँकेत जाऊन आल्या.

दिवाळीच्या थोडं आधी बाईंनी हात पुढे केला. "दाब." मी दाबला. मला डोळे मिटूनही कळत होतं की खाली दुकानदाराने कान टवकारले असणार. मी घाम येईपर्यंत दाबला.

बाईंनी हात काढून घेतला, दिव्याखाली धरला. तीन वळ होते.

"चौथा कुठाय?" त्यांनी विचारलं. मग माझ्या खांद्यावर थोपटलं. "इन्नू स्वल्प."

परीक्षा तोंडावर होती. मला बाईंचा खूप राग आला. एखादी खोटी किंकाळी दिली असती तर काय बिघडलं असतं? तेवढ्या बळावर मी परीक्षेला तरी ताठ मानेने गेले असते. पण घरी जाताना वाटलं, मी खोटी गाठ मारली असती का? मग मी आणखी माळा गुंफल्या.

परीक्षेच्या दिवशी तपासनीस भिंग घेऊन माझ्या जुडीवर ओणवा झाला आणि बराच वेळ उठेना. एकेक गाठ तो सुईच्या टोकाने ढकलून बघत होता. एकही हलली नाही. शेवटी तो सरळ झाला आणि म्हणाला, "जागा रिकामीच ठेवली होती तुमची. या परत." मी त्याच्यासमोर लहान मुलीसारखी टाळी वाजवली. उजवा हात लावून, पूर्ण जोरात.

तिथून मी ऑटो केली ती थेट राजाजीनगर. जिना धावत चढले. "बाई, पास झाले!"

"गाठीची परीक्षा झाली ती," बाई म्हणाल्या. "हाताची राहिली." आणि हात पुढे केला.

या वेळी मी दात-ओठ खाल्ले नाहीत. तारेवरची शेवटची गाठ ओढताना धरते तसा तो हात धरला. तीनही बहिणी एकदम आत आल्या, पाठोपाठ तर्जनी आली, आणि बाई किंचाळल्या. अशा किंचाळल्या की समोरच्या गच्चीवरचे पारवे उडाले. बाकावरचे सगळे उभे राहिले. खालून ताट वाजलं, मग दुसरं ताट, मग बहुधा कढईसुद्धा. बाईंनी हात दिव्याखाली धरला. चार वळ. त्यातला तिसरा सगळ्यांत लाल.

"चेन्नागिदे," बाई म्हणाल्या. छान आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखलं म्हणून की काय, ते त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण त्या किंकाळीइतकी एकही माझ्या कानात राहिली नाही.

पुढे बाईंनी दवाखाना बंद केला आणि देवनहळ्ळीजवळच्या एका लेआउटमध्ये राहायला गेल्या. मंजुळाक्का सोबत होतीच. आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे आणि निम्म्यांत अजून द्राक्षाचे मांडव. गेल्या पावसाळ्यात बाई अंगणात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मला कळलं तोवर प्लास्टर निघालं होतं. मी गाडी काढून गेले.

बाई बारीक झाल्या होत्या. केसांत माळ होती, दोन फुलं इथे, सात तिथे. त्यांनी स्वतः बांधली होती. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "अनामिका ना? हात दे."

मी हात दिला. त्यांनी तो आपल्या उजव्या हातात धरला आणि दाबू लागल्या. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली, ओठ मिटले. माझ्या हाताला फक्त एक गरम, मऊ वजन जाणवत होतं. त्या डोळ्यांनी मला विचारत होत्या. दारात मंजुळाक्का उभी होती आणि मान हलवून मला खुणावत होती, ओरड ना, काय जातं तुझं? माझ्या गळ्याशी किंकाळी आलीही होती. या बाईंसाठी मी गल्ली जागी केली असती.

पण ज्या बाईंनी मला खोटी किंकाळी दिली नाही, त्यांना मी ती कशी देणार?

"इन्नू स्वल्प, बाई," मी म्हटलं.

बाईंनी हात काढून घेतला आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, चुकलं माझं. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाई हसत होत्या. "सरी," त्या म्हणाल्या. म्हणजे बरं. "मंजुळाक्का, हिला कॉफी दे. हिला फसवता येत नाही."

मग दर रविवारी मी देवनहळ्ळीला जाऊ लागले. आम्ही दोघी ओसरीवर बसून माळा गुंफायचो. बाई कुरकुरायच्या, जास्त करायला बघायच्या, मी दटावायचे. त्याही दुसऱ्या रांगेतल्याच निघाल्या. एका रविवारी त्यांनी मनगट मागे वाकवून मूठ दाखवली, तेव्हा मी एक बोट लावून ते सरळ केलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

थंडी पडली, अवरेच्या शेंगा बाजारात आल्या. त्या रविवारी मंजुळाक्का स्वयंपाकघरात त्या सोलत होती. बाईंनी हात पुढे केला. या वेळी "दाब" त्यांनी स्वतःलाच म्हटलं. माझ्या हाताची हाडं एकमेकांवर सरकली, कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि माझ्या तोंडून जे काही निघालं ते ऐकून शेजारच्या प्लॉटवरचे गवंडी काम टाकून कुंपणापाशी आले.

"खरं की प्रेमाचं?" बाईंनी संशयाने विचारलं.

मी हात उन्हात धरला. बाई चष्मा लावून खाली वाकल्या आणि बोट टेकवत टेकवत वळ मोजू लागल्या. एक. दोन. तीन. चार.

आत मंजुळाक्काने ताटातले पावटे जमिनीवर ओतले आणि पळी शोधली.